एक वर्ष, दोन पुस्तके

मराठी ख्रिस्ती समाजाच्या स्मरणात इ. स. १६१६ या वर्षाला मानाचे स्थान आहे. गोव्यातील साष्टी प्रांतात रायतूर, म्हणजे आजचे राशोल, येथे त्या वर्षी येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रथम छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात जुन्या व नव्या कराराची कथा मराठीत अवतरली. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. परंतु भाषा मराठीच आणि छंद ज्ञानदेव-एकनाथांचा. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून त्याची देवनागरी आवृत्ती काढली आणि सर्वसामान्य मराठी वाचकाची या ग्रंथाशी ओळख होण्याची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी घडलेली दुसरी एक घटना मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ५ मार्च १६१६ रोजी रोममधील ग्रंथतपासणी मंडळाने एक हुकूम काढला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे, असे त्यात ठरविण्यात आले आणि निकोलस कोपर्निकस यांचा १५४३ सालचा ग्रंथ, दुरुस्ती होईपर्यंत, स्थगित करण्यात आला. कोपर्निकस हे स्वतः पोलंडमधील एका कॅथीड्रलचे कॅनन होते. आपला ग्रंथ त्यांनी पोप तिसरे पॉल यांनाच अर्पण केला होता.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच ख्रिस्तसभेत, एका पुस्तकाला वाट मिळाली आणि दुसऱ्याची वाट अडविली गेली. या दोन गोष्टी एका घरात कशा नांदल्या? ख्रिस्तसभेचे विज्ञानाशी खरे नाते कोणते, रायतूरचे की रोममधील त्या हुकमाचे?

विश्रांतवाडीत राहणाऱ्या आम्हांला हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटत नाही. आमच्या चौकातून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्याने दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याकडे येते; त्याच रस्त्यावर कळस येथे संरक्षण खात्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी आहे. आमच्या धर्मग्रामातील मुलेमुली अभियांत्रिकी शिकतात, संगणक शिकतात, औषधनिर्माणशास्त्र शिकतात. रविवारी ती मिस्साबलिदानाला येतात. परंतु रविवारी ऐकलेले आणि सोमवारी वर्गात शिकलेले यांची त्यांच्या मनात गाठ पडत नाही. काही जण दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून देतात. काही जण शिक्षण पूर्ण होता होता मिस्साला येणे बंद करतात. तेही भांडून नव्हे, अगदी मुकाट्याने. उलट टोकाला, प्रार्थनासभेत हात ठेवून प्रार्थना झाली म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडणारी माणसेही आपल्यातच आहेत. क्षयाचा उपचार किमान सहा महिने घ्यावा लागतो आणि तो अर्धवट सोडला तर रोग अधिक हट्टी होऊन परततो. पहिल्या चुकीने माणूस श्रद्धेला मुकतो. दुसरीने प्राणालाही मुकू शकतो. म्हणून हा इतिहास पुन्हा एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे.

गोव्याहून आलेले पत्र

थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील विल्टशायरचे. रोममध्ये येशूसंघात प्रवेश करून ते लिस्बनला गेले, ४ एप्रिल १५७९ रोजी जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. साडेसहा महिन्यांचा हा प्रवास त्यांनी १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात वर्णन केला आहे. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि प्रवासवर्णनांच्या इतिहासात त्याला कायमचे स्थान मिळाले.

हे पत्र एका तरुण मिशनऱ्याचे आहे. त्यात भक्तीचे उद्गार असणार, अशी आपली अपेक्षा. ते आहेतच, पण त्याहून लक्ष वेधते ते लेखकाचे निरीक्षण. होकायंत्राची सुई निरनिराळ्या ठिकाणी उत्तरेपासून किती ढळते, कोणते पक्षी दिसले म्हणजे नाविक आपण कोठे आलो ते ताडतात, लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्या कशा सुजतात, हे सारे त्यांनी टिपले आहे. उत्तर-दक्षिण अंतर आकाशावरून मोजता येते. परंतु पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यास आकाशात एकही स्थिर खूण नाही, ही नौकानयनाची त्या काळची सर्वांत मोठी अडचणही त्यांनी नेमकी मांडली आहे.

हीच दृष्टी त्यांनी भाषेकडेही वळविली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृतबद्दल हाच विचार मांडला, तो त्यानंतर दोन शतकांनी, १७८६ साली. स्टीफन्स यांनी कोंकणीचे व्याकरणही रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरलाच छापले गेले. 'ख्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी सांगताना त्यांना फुलांबरोबर, पक्ष्यांबरोबर आणि वृक्षांबरोबर राशी आणि वारही आठवतात. ज्याने समुद्रावर रात्रीमागून रात्री आकाश वाचले, त्याची ती उपमा आहे.

स्टीफन्स हे आजच्या अर्थाने वैज्ञानिक नव्हते, आणि त्यांना तसे ठरविण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु समोर जे आहे ते आधी नीट पाहावे, त्याचे नाव विचारावे, त्याचे नियम समजून घ्यावेत आणि मगच बोलावे, ही जी वृत्ती विज्ञानाच्या मुळाशी आहे, ती त्यांच्या सुवार्ताकार्याच्याही मुळाशी होती. मराठी भाषा त्यांनी अशीच शिकून घेतली.

रोममध्ये काय घडले

पूर्व-पश्चिम अंतराची जी अडचण स्टीफन्स यांनी लिहून ठेवली, ती सोडविण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत एक नाव होते गॅलिलिओ गॅलिली. जानेवारी १६१० मध्ये त्यांना दुर्बिणीतून गुरू ग्रहाभोवती फिरणारे चंद्र दिसले. हे चंद्र म्हणजे आकाशातील घड्याळच आहे, त्यावरून समुद्रावर रेखांश काढता येईल, अशी योजना त्यांनी स्पेनच्या दरबारापुढे मांडली होती.

गॅलिलिओंना प्रथम विरोध केला तो ख्रिस्तसभेनेच, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १६११ साली रोममधील येशूसंघीय महाविद्यालयाचे वयोवृद्ध गणिती फादर क्रिस्टोफर क्लाव्हियस व त्यांचे सहकारी यांनी दुर्बिणीतून पाहून गॅलिलिओंच्या निरीक्षणांना दुजोरा दिला आणि महाविद्यालयात त्यांचा सत्कारही झाला. पाच वर्षांतच चित्र पालटले. गॅलिलिओ मित्रांना व आश्रयदात्यांना पत्रे लिहून पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा हे सांगू लागले. धर्मसुधारणेच्या वादाने पोळलेल्या रोमला ते रुचले नाही. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन, तेही येशूसंघीयच, यांनी एप्रिल १६१५ मधील एका पत्रात समतोल भूमिका मांडली होती. पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झाले, तर शास्त्रवचनांचा अर्थ पुन्हा जपून लावावा लागेल. परंतु तशी सिद्धता आपल्यापुढे आलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

सिद्धता त्या वेळी अपुरी होती, हे खरे. भरतीओहोटीवरून गॅलिलिओंनी जो युक्तिवाद केला तो चुकीचाच निघाला. पृथ्वीच्या गतीचा पहिला प्रत्यक्ष पुरावा जेम्स ब्रॅडली यांना १७२८ साली मिळाला आणि ताऱ्याचे पराशयजन्य विस्थापन फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ साली मोजले. परंतु एखादी गोष्ट सिद्ध झालेली नाही असे म्हणणे वेगळे आणि ती शास्त्रविरुद्ध आहे असा निवाडा देणे वेगळे. १६१६ च्या हुकमाने हा दुसरा मार्ग धरला. २२ जून १६३३ रोजी वृद्ध गॅलिलिओंना गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले आणि १६४२ साली मृत्यू येईपर्यंत ते नजरकैदेत राहिले. १८३५ च्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत कोपर्निकस व गॅलिलिओ यांची पुस्तके प्रथमच नव्हती. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ गेला.

या प्रकरणाचे समर्थन करण्यात ख्रिस्तसभेचे हित नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओळखले. त्यांनी या प्रकरणाचा नि:पक्षपाती अभ्यास व्हावा असे आवाहन केले तो दिवस होता १० नोव्हेंबर १९७९. स्टीफन्स यांनी गोव्याहून वडिलांना पत्र लिहिले त्याला त्या दिवशी बरोबर ४०० वर्षे पूर्ण झाली होती. योगायोगच, पण मराठी ख्रिस्ती माणसाने लक्षात ठेवावा असा. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी या अभ्यासाचा समारोप करताना, त्या काळच्या ईशज्ञान्यांनी शास्त्रवचन आणि त्याचा अर्थ यांत भेद करण्यात चूक केली, हे पोपमहाशयांनी स्पष्टपणे मान्य केले. खरे तर संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना, सोळाशे वर्षांपूर्वीच, हा धोका दाखविला होता. निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून आणि त्याला शास्त्राचा आधार देऊन ख्रिस्ती माणूस स्वतःचे हसे करून घेतो व शास्त्रावरील इतरांचा विश्वासही उडवितो, असे त्यांनी बजाविले होते. वैद्य आणि औषध या देवाच्याच देणग्या आहेत, हे बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात सांगितलेले आहेच. गोळ्या सोडणाऱ्यांनी तो अध्याय घरी उघडून वाचावा.

सह्याद्रीच्या घाटातील धर्मगुरू

इतिहास १६३३ वर थांबला नाही. आपल्या महाराष्ट्रात तर मुळीच नाही. १९०३ साली फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस येशूसंघीय मुंबईला सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. वनस्पतिशास्त्र शिकविताना त्यांनी सुकविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह सुरू केला, तो आज 'ब्लॅटर हर्बेरियम' या नावाने ओळखला जातो आणि पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासकाला त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१९ ते १९२४ या काळात ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे पाचगणीला राहूनही त्यांचे लेखन चालूच होते. मुंबई इलाख्यातील गवतांवर त्यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३५ साली, प्रसिद्ध झाला. गवतावर ग्रंथ! ज्याकडे गुराखीही दुसऱ्यांदा पाहत नाही, त्या पात्याचे कूळ शोधण्यासाठी एका धर्मगुरूने आयुष्याची वर्षे दिली.

त्यांची परंपरा फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी पुढे चालविली. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले हे येशूसंघीय १९४० साली झेवियर्समध्ये शिकवू लागले. विद्यार्थ्यांना घेऊन ते घाट चढत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली आणि पुरंदर किल्ल्याच्या परिसरातील वनस्पतींवरील ग्रंथ १९५८ साली आला. सात वर्षांनी एकदा सारा डोंगर फुलविणाऱ्या करवीच्या सामूहिक बहराविषयीही त्यांनी लिहिले. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५४ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना केली, तेव्हा मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून या धर्मगुरूला पाचारण केले; पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून पुण्यातच, कोरेगाव रस्त्यावर आहे. विश्रांतवाडीहून फार दूर नाही. १९६७ साली सांतापाव यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

पहाटे मिस्सा अर्पण करणारे हात दुपारी करवीचे फूल भिंगाखाली धरीत होते. यात त्यांना विसंगती वाटली नाही, आणि म्हणून त्यांनी विसंगती मिटविण्याचे सिद्धांतही फारसे मांडले नाहीत. फुलात पाकळ्या किती हे मोजायचे असेल तर मोजावेच लागते; तेथे प्रार्थनेने उत्तर मिळत नाही. फूल मुळात आहे कशासाठी, हा प्रश्न मात्र मोजणीने सुटत नाही. दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे असू शकतात.

दुसरा मोह

आतापर्यंत आपण एक चूक पाहिली: शास्त्रवचनाने खगोलशास्त्राचा निकाल लावण्याची. हिच्या अगदी उलट दिशेची चूकही आहे आणि ती आज भाविकांना अधिक मोहात पाडते. ती म्हणजे खगोलशास्त्राने शास्त्रवचन सिद्ध करू पाहणे.

फादर जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मप्रांतीय धर्मगुरू. विश्व प्रसरण पावत आहे, हा विचार त्यांनी १९२७ साली गणिताने मांडला आणि १९३१ साली, हे सारे एका आदिम अणूपासून सुरू झाले असावे, असे सुचविले. हाच पुढे महास्फोट सिद्धांत झाला. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी विज्ञान अकादमीपुढे बोलताना या नव्या खगोलशास्त्रात निर्मितीच्या क्षणाची जणू साक्ष पाहिली. कोणताही भाविक हे ऐकून हरखला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा केवळ भौतिकशास्त्राचा आहे, त्याचा देवाच्या अस्तित्वाशी संबंध जोडू नये, असे त्यांचे ठाम मत होते. पुढच्याच वर्षी पोपमहाशयांनी खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक सभेपुढे भाषण केले, त्यात तो दावा पुन्हा आला नाही.

लमेत्र यांचे म्हणणे किती दूरदर्शी होते, हे पुणेकरांना चटकन कळावे. कारण महास्फोट सिद्धांताला जगात ज्यांनी सर्वांत चिकाटीने वैज्ञानिक आव्हान दिले, त्यांपैकी एक आपल्याच शहरात राहत होते. डॉ. जयंत नारळीकर यांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभारली आणि १९९३ साली हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह महास्फोटाला पर्यायी असा सिद्धांत मांडला. १९६५ साली सापडलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. तरी नारळीकर २० मे २०२५ रोजी दिवंगत होईपर्यंत प्रश्न विचारीतच राहिले. आता समजा, उद्या पुराव्याने नारळीकरांची बाजू खरी ठरली, तर आपण निर्मात्यावरची श्रद्धा सोडणार काय? नसू, तर महास्फोट खरा ठरला म्हणून विजयोत्सव तरी का करावा? जी श्रद्धा एका समीकरणाच्या आधाराने उभी राहते, ती दुसऱ्या समीकरणाने कोसळेल.

निर्मितीवरील आपली श्रद्धा सांगते ते हे, की जे काही आहे ते, मग त्याला आरंभ असो वा नसो, प्रत्येक क्षणी देवाच्या इच्छेने अस्तित्वात आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमके हेच शिकविले: विश्वाला काळात आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध होत नाही, ते आपण श्रद्धेने स्वीकारतो, परंतु विश्व देवावर अवलंबून आहे हे त्यावाचूनही समजू शकते. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत हे पाठ करताना रूक्ष वाटे. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांशी बोलताना त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही आढळत नाही.

आता पुढे

तेव्हा वाचकहो, रायतूर खरे की रोममधील तो हुकूम, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. दोन्ही आपलेच आहेत. हुकमाची आठवण आपल्याला विनम्र ठेवील, आणि रायतूरची आठवण धीर देईल. विज्ञानाला भिऊ नये आणि त्याच्या खांद्यावर श्रद्धेचे ओझेही टाकू नये, हा धडा या चारशे वर्षांच्या इतिहासातून मिळतो.

हा इतिहास अजून चालूच आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली व्हॅटिकन वेधशाळेची नव्याने स्थापना केली. सप्टेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांच्या कारकिर्दीत तिचे संचालकपद फादर रिचर्ड डिसोझा या येशूसंघीयांकडे आले. ते गोव्याचे, भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी झेवियर्समध्येच घेतली. देवयानी दीर्घिकेने सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी दुसरी एक मोठी दीर्घिका गिळंकृत केली असावी, हे त्यांचे व एरिक बेल यांचे संशोधन २०१८ साली गाजले. ताऱ्यांकडे पाहत एक येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आला होता. आता गोव्याचा एक येशूसंघीय ताऱ्यांकडे पाहण्यासाठी रोमकडे गेला आहे.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाने घरी येऊन उत्क्रांतीविषयी, महास्फोटाविषयी वेडावाकडा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका आणि घाईने उत्तरही देऊ नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर शोधा. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुका सर्वसामान्यांसाठी खुली असते. तेथील प्रांगणात आर्यभट, न्यूटन, आईनस्टाईन यांच्या पुतळ्यांबरोबर गॅलिलिओंचाही पुतळा आहे. मुलांना तेथे घेऊन जा, तो पुतळा दाखवा आणि त्यांची हकिकत, आपल्या ख्रिस्तसभेच्या चुकीसकट, स्वतःच्या तोंडाने सांगा. बाहेर कोणाकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा ती मुलाने आईवडिलांकडून ऐकलेली बरी.